ध्यानात ‘मी’ विरतो, तेवढ्याने अनात्म कळते का?

अरण्यवाट (धागाकर्ता)

ध्यानावरच्या चर्चांत अलीकडे एक समजूत वारंवार वाचायला मिळते. चित्त पुरेसे खोल एकाग्र झाले की शरीराचे भान सुटते, विचार थांबतात, ‘मी बसलो आहे’ ही जाणीवही उरत नाही, आणि बुद्धाने सांगितलेला अनात्म (कुठल्याही गोष्टीत ‘मी’ किंवा ‘माझे’ असे काही टिकाऊ नाही, ही शिकवण) म्हणजे हीच स्थिती, असे अनेक जण गृहीत धरतात. पाली सुत्ते (बुद्ध आणि त्यांच्या शिष्यांची प्रवचने) वाचताना मला हे पटत नाही. ‘मी’ न जाणवणे आणि ‘मी’ची पकड सुटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि पहिली घडली म्हणून दुसरी आपोआप घडत नाही, असे माझे मत आहे. ते येथे मांडतो.

सुत्तांतली चार ध्यानांची मांडणी बहुतेकांना ठाऊक असेल. कामविषयांपासून आणि अकुशल वृत्तींपासून चित्त वेगळे झाले की प्रथम ध्यान लागते. त्यात वितर्क (चित्त विषयाकडे नेणे), विचार (ते तिथे टिकवणे), प्रीती (उल्हास), सुख आणि एकाग्रता असतात. दुसऱ्यात वितर्क आणि विचार शमतात, तिसऱ्यात प्रीती ओसरून स्मृतियुक्त (सजग) सुख राहते, चौथ्यात सुखही मागे पडते आणि उपेक्षेने, म्हणजे समभावाने, शुद्ध झालेली स्मृती राहते. त्यापुढे आकाशानंत्यायतनापासून (अनंत आकाशाच्या अनुभवापासून) नैवसंज्ञानासंज्ञायतनापर्यंत (संज्ञा, म्हणजे गोष्टी ओळखणारी जाणीव, धड आहे असेही नाही आणि नाही असेही नाही, तिथपर्यंत) चार अरूप समापत्ती, म्हणजे रूपाचे भान नसलेल्या ध्यानस्थिती, येतात.

या शिडीच्या वरच्या पायऱ्या बोधिसत्त्वाने, म्हणजे भावी बुद्धाने, बोधीपूर्वीच गाठल्या होत्या. अरियपरियेसनसुत्तात ते स्वतः सांगतात, की आळार कालाम या गुरूंकडे ‘काहीही नाही’ हे आकिंचन्यायतन आणि उद्दक रामपुत्तांकडे नैवसंज्ञानासंज्ञायतन त्यांनी साध्य केले. ‘काहीही नाही’ या संज्ञेत स्थिरावलेल्या चित्तात ‘मी’ कितीसा जाणवत असणार? तरीही दोन्ही ठिकाणांहून ते निघाले, आणि कारण असे दिले, की हा धर्म विराग, निरोध किंवा निर्वाणाकडे नेत नाही, त्याच आयतनात पुनर्जन्माकडे नेतो. नुसत्या लीनतेने काम झाले असते, तर पुढे बोधी झाली त्या उरुवेलेपर्यंत जाण्याची गरजच पडली नसती.

आता दोन सुत्ते शेजारी ठेवून पाहा. मज्झिमनिकाय या सुत्तसंग्रहातल्या ११३व्या सप्पुरिससुत्तात एका असत्पुरुष भिक्षूचे वर्णन आहे. त्याला प्रथम ध्यान खरोखरच साधले आहे. ढोंग नाही. तरीही तो मनाशी म्हणतो, ‘मला प्रथम ध्यानाची समापत्ती लाभली आहे, या इतर भिक्षूंना लाभलेली नाही,’ आणि त्या जोरावर स्वतःला उंच व इतरांना हलके लेखतो. हे सुत्त ध्यानाला उच्च कुळ, विद्वत्ता, विनयातले (भिक्षूंच्या नियमांतले) प्रावीण्य, अरण्यवास यांच्याच रांगेत बसवते, म्हणजे अहंकाराला पोसणाऱ्या गोष्टींत ध्यानही येते. दुसरीकडे सारिपुत्तसंयुत्तात बुद्धाचे प्रमुख शिष्य सारिपुत्त अंधवनात दिवस घालवून संध्याकाळी जेतवनात परततात. त्यांची प्रसन्न इंद्रिये आणि उजळलेला चेहरा पाहून आनंद नावाचे भिक्षू विचारतात, की आज आपण कोणत्या ध्यानस्थितीत होता? सारिपुत्त प्रथम ध्यानाचे नाव घेतात आणि म्हणतात, की ‘मी प्रथम ध्यानात प्रवेश करतो आहे’, ‘मी त्यात प्रविष्ट झालो आहे’ किंवा ‘मी त्यातून उठलो आहे’ असे माझ्या मनात आले नाही. यावर आनंद म्हणतात, की आपल्या ठायीचे अहंकार, ममकार आणि मानाचे अनुशय (सुप्त वृत्ती) दीर्घकाळापासून समूळ उपटलेले आहेत, म्हणूनच तसे आले नाही.

ध्यान एकच, प्रथम. एकाचा ‘मी’ त्यातून फुगून बाहेर येतो, दुसऱ्याच्या चित्तात तो डोकेही वर काढत नाही. कार्यकारणाची दिशाही पाहण्याजोगी आहे. सारिपुत्तांचा अहंकार त्या बैठकीमुळे गेला असे आनंद म्हणत नाहीत. अहंकार आधीच गेलेला होता, म्हणून बैठक तशी झाली. आपल्याकडच्या बहुतेक चर्चा हे नेमके उलटे धरून चालतात.

तर्ककर्कश

मूळ मुद्दा मान्य आहे. त्याला एक साधा आधार जोडतो. गाढ झोपेत ‘मी’ नसतो, भूल दिलेल्या माणसातही नसतो, आणि शुद्धीवर आल्यावर तो जसाच्या तसा हजर होतो, कर्जाच्या हप्त्यांसकट आणि जुन्या भांडणांसकट. म्हणजे ‘मी’ची गैरहजेरी हा काही पुरावा ठरत नाही. बौद्ध परंपरेलाही हे ठाऊक होते. ब्रह्मजालसुत्तात असंज्ञी सत्त्वांचा उल्लेख आहे. त्यांच्यात संज्ञाच नसते, ती उत्पन्न होताच ते तिथून च्युत होतात, आणि त्यांच्यापैकी एखादा पुढे मनुष्य होऊन ध्यान करतो तेव्हा संज्ञा उत्पन्न होण्याच्या मागचे काही आठवत नसल्यामुळे ‘आत्मा आणि जग अकारण उपजले’ असे ठामपणे सांगू लागतो. अनुभव खरा असून त्यावरचा निष्कर्ष साफ चुकीचा असू शकतो, याचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

त्याच सुत्तातल्या ६२ दृष्टींपैकी (मतांपैकी) शेवटच्या पाच ‘याच जन्मातले निर्वाण’ मानणाऱ्यांच्या आहेत, आणि त्या पाचांतल्या चार अनुक्रमे चार ध्यानांनाच निर्वाण समजतात. म्हणजे आज ज्या समजुतीवर हा धागा निघाला, तिची नोंद बुद्धाने मिथ्यादृष्टींच्या यादीत आधीच करून ठेवली आहे.

सांजसकाळ

चर्चा आवडली, पण माझी अडचण वेगळी आहे. मी वेदान्ताच्या वाचनातून इकडे आले. बैठकीत विचार, संवेदना, भावना येऊन जाताना दिसतात आणि त्या सगळ्यांना पाहणारे काहीतरी न हलता राहते, असा अनुभव मलाही आहे आणि अनेक साधकांनाही असतो. त्या पाहणाऱ्याला नाव नाही, रूप नाही, त्याला ‘माझे’ असे काही नाही. त्याला साक्षी म्हटले काय आणि निरहंकार जाणीव म्हटले काय, बुद्ध आणि उपनिषदे एकाच गोष्टीकडे निर्देश करत आहेत असे मानायला काय हरकत आहे?

पालीप्रेमी

सांजसकाळ, आपण सांगितलेला अनुभव खोटा आहे असे कुणीच म्हणणार नाही. प्रश्न असा आहे, की त्या अनुभवाचे पुढे काय करायचे? या जागी दोन परंपरांच्या वाटा खरोखरच फुटतात. त्या एक आहेत असे म्हणणे सौजन्याचे वाटते, पण त्यामुळे दोघींवरही अन्याय होतो.

संयुत्तनिकायातल्या निदानवर्गात अस्सुतवासुत्त आहे. त्यात बुद्ध म्हणतात, की अजाण माणसाने चित्ताला ‘मी’ मानण्यापेक्षा या चतुर्महाभौतिक देहाला ‘मी’ मानलेले एक वेळ बरे. देह निदान वर्षभर, दहा वर्षे, शंभर वर्षेही टिकलेला दिसतो. पण ज्याला चित्त, मन किंवा विज्ञान (जाणीव) म्हणतात, ते रात्रंदिवस एक उपजते आणि दुसरेच निरुद्ध होते. उपरोध स्पष्ट आहे. साक्षीवादाची सगळी भिस्त जाणीव न बदलणारी असण्यावर आहे, आणि हे सुत्त नेमका त्याच जाणिवेवर बदलत्या गोष्टींत पहिला क्रमांक लावते.

महातण्हासंखयसुत्तातला साती नावाचा कोळ्याचा मुलगा हेच म्हणत होता, की तेच विज्ञान, दुसरे कुठलेही नाही, संसारात धावत राहते. कोणते विज्ञान, असे बुद्धाने विचारल्यावर त्याचे उत्तर होते, ‘जे बोलते, जे अनुभवते आणि इथे-तिथे कर्मांची फळे भोगते ते.’ बुद्धाने त्याला सौम्य शब्दांत समजावलेले नाही, खडसावले आहे. विज्ञान प्रत्ययांवाचून उपजत नाही. डोळा आणि रूप यांच्यामुळे उपजले तर ते चक्षुर्विज्ञान, कान आणि शब्द यांच्यामुळे उपजले तर ते श्रोत्रविज्ञान. या सगळ्यांच्या मागे बसलेले, सगळ्यांना सामाईक असे एखादे विज्ञान त्या मांडणीत येत नाही.

आणखी एक तुलना सुचवतो. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या पहिल्या पादातले १७वे सूत्र संप्रज्ञात समाधीची चार अंगे सांगते: वितर्क, विचार, आनंद आणि अस्मिता (‘मी आहे’ ही जाणीव). पहिली दोन नावे बौद्ध प्रथम ध्यानात जशीच्या तशी आहेत, तिसऱ्याच्या जागी प्रीती-सुख आहे, पण चौथे अंग बौद्ध यादीत नाही. योगशास्त्रालाही अस्मिता शेवटी ओलांडायचीच आहे, हे मान्य. पण ती ओलांडल्यावर तिथे द्रष्टा (शुद्ध पाहणारा) स्वरूपात अवस्थित होतो. बौद्ध मार्गात अस्मिता मागे पडल्यावर तिच्या जागी कुणाला बसवलेले नाही.

म्हणून आपल्याला तो न हलणारा पाहणारा जाणवेल, तेव्हा बौद्ध साधनेची सूचना एवढीच राहील, की त्याच्याकडेही इतर गोष्टींसारखेच पाहावे. तो सतत आहे, की दर वेळी आठवण झाल्यावर नव्याने जाणवतो? आवाज ऐकू येतो तेव्हाचा पाहणारा आणि गुडघा दुखतो तेव्हाचा पाहणारा एकच आहे, हे दिसते आहे की गृहीत धरलेले आहे?

सांजसकाळ

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आज लगेच देता येणार नाहीत. दुसरा प्रश्न मात्र बोचला. एकच आहे असे मी आजवर पाहिले नव्हते, मानून चालले होते, हे आपण विचारल्यावर जाणवले. तरीही त्या स्थितीतली शांती केवळ गैरसमजातून येते असे मला वाटत नाही.

नवखा_साधक

एवढ्या अभ्यासपूर्ण चर्चेत माझा प्रश्न बाळबोध वाटेल. मी शिबिरात आनापान (येत्या-जात्या श्वासावरचे ध्यान) शिकलो आणि घरी करतो. श्वास हळूहळू बारीक होत जातो. नाकपुडीच्या कडेवरचा स्पर्श इतका विरळ होतो की आहे की नाही याचाच संशय येतो. हातांचे वजन जाते, तळहात एकमेकांवर आहेत की नाहीत ते कळेनासे होते. त्या टोकावर दर वेळी एक विचार उठतो, ‘हेच ते का?’ तो उठला की छाती किंचित पुढे येते, मिटलेल्या पापण्यांमागे डोळे ताणले जातात, श्वास जाड होतो आणि सगळे ओसरते. हा विचार थांबवायचा कसा? आणि तो थांबला तर त्याला अनात्म म्हणायचे की नाही?

अरण्यवाट

नवखा_साधक, बाळबोध मुळीच नाही. इतक्या जवळून केलेले निरीक्षण या धाग्यावर आतापर्यंत कुणीच दिले नव्हते. आपण वर्णन केलेला तो ‘हेच ते का?’ म्हणजेच ‘मी’ आहे, कामावर असताना पकडलेला. तो कुठे आत बसलेला नाही. एक अपेक्षा, छातीची एक हालचाल, डोळ्यांमागचा एक ताण आणि ‘मला मिळाले पाहिजे’ ही ओढ, इतक्या सामग्रीतून तो त्या क्षणी उभा राहतो आणि ती सामग्री विखुरली की नाहीसा होतो. तो थांबवण्याच्या भानगडीत पडू नये असे मला वाटते, कारण थांबवणाराही त्याच जातकुळीचा असतो. ताण दिसला की ताण म्हणून जाणावा, खांदे व डोळे सैल सोडावेत, पुन्हा श्वासाकडे यावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी खेमकसुत्त वाचावे, संयुत्तनिकायाच्या खंधसंयुत्तातले. माझ्या दृष्टीने या विषयावरचे ते सर्वांत प्रांजळ सुत्त आहे. खेमक स्थविर बदरिकारामात आजारी होते. कोसंबीच्या घोसितारामातले वयोवृद्ध भिक्षू दासक नावाच्या भिक्षूबरोबर त्यांना निरोप पाठवतात, की पाच उपादानस्कंधांपैकी (माणूस ज्यांना ‘मी’ म्हणून धरतो ते रूप, वेदना म्हणजे सुखदुःखाचा अनुभव, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान) कशाला आपण आत्मा किंवा आत्मीय मानता का? खेमक कळवतात, की कशालाच नाही. भिक्षू म्हणतात, मग आपण अर्हतच, म्हणजे पूर्ण मुक्तच, आहात. खेमक उलट निरोप देतात, की मी अर्हत नाही. कुठल्याही स्कंधाला ‘हा मी’ असे मी समजत नाही, तरीही स्कंधांच्या संदर्भात ‘मी आहे’ ही भावना अजून गेलेली नाही. दासक निरोप घेऊन जातात, येतात, पुन्हा जातात, आणि शेवटी खेमक वैतागून म्हणतात, की ही धावपळ आता पुरे, माझी काठी आणा. आजारी माणूस काठी टेकत स्वतः जातो आणि समोर बसून समजावतो. कमळाचा गंध पाकळ्यांचा, रंगाचा की केसरांचा असे विचारले तर काय सांगाल? तो गंध फुलाचा, एवढेच म्हणता येते. ‘मी आहे’चेही तसेच आहे. तो रूपाचा नाही, वेदनेचा नाही, विज्ञानाचाही नाही, तरी दरवळत राहतो. संसारात बांधणाऱ्या दहांपैकी पाच खालची बंधने तुटलेल्या आर्यश्रावकाचीही ही स्थिती असू शकते, आणि स्कंधांचा उदय-व्यय पाहत राहिल्यानेच तो गंध कालांतराने जातो. हे प्रवचन चालू असताना सुमारे ६० भिक्षूंची आणि खुद्द खेमकांचीही चित्ते आस्रवांपासून (चित्त मलिन करणाऱ्या प्रवाहांपासून) मुक्त झाली, असे सुत्त सांगते.

सक्कायदृष्टी म्हणजे ‘अमुक एक मी आहे’ हे मत. ते स्रोतापन्नाच्या, म्हणजे मुक्तिमार्गाच्या पहिल्या, टप्प्यावरच जाते. अस्मिमान म्हणजे तो गंध. तो अर्हत्त्वापर्यंत रेंगाळतो. एका बैठकीत ‘हेच ते का?’ उठले नाही, एवढ्यावरून या दोहोंपैकी काय गेले, हे सांगता येणार नाही.

तर्ककर्कश

एका मुद्द्यावर मात्र मी अरण्यवाट यांच्याशी पूर्ण सहमत नाही. आपल्या मांडणीत ध्यान जवळजवळ निरुपयोगी ठरते. लीनता वेगळी, अनात्मदर्शन वेगळे, मग लीनतेचा खटाटोप कशाला? शिवाय ‘ध्यानात असताना पाहता येते का’ हा जुना वाद बाजूलाच राहिला.

सुत्तांकडून पाहिले तर मज्झिमनिकायातले १११वे अनुपदसुत्त सांगते, की सारिपुत्तांनी अर्ध्या महिन्यात एकेका समापत्तीतले धर्म क्रमाने वेगळे करून पाहिले. प्रथम ध्यानातले वितर्क, विचार, प्रीती, सुख, एकाग्रता, त्याबरोबर स्पर्श, वेदना, संज्ञा, चेतना, चित्त आणि पुढचे सगळे त्यांना उपजताना विदित होते, टिकताना विदित होते, मावळताना विदित होते. नैवसंज्ञानासंज्ञायतन आणि संज्ञावेदयितनिरोध (संज्ञा आणि वेदना थांबतात ती स्थिती) या दोनच ठिकाणी सुत्त भाषा बदलते आणि म्हणते, की उठल्यानंतर मागच्या धर्मांचे अवलोकन केले. याचा सरळ अर्थ असा निघतो, की त्याआधीच्या समापत्तींत पाहणे आतल्या आत चालू होते. सामञ्ञफलसुत्तातही ध्यानातला भिक्षू याच कायेला प्रीतिसुखाने ओथंबून टाकतो. तिथे काया हरवलेली दिसत नाही.

परंपरेकडून पाहिले तर चित्र उलटे आहे. पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग हा साधनाग्रंथ रचला. त्यात उपचार (लीनतेच्या जवळची) आणि अर्पणा (पूर्ण लीनतेची) असे समाधीचे दोन टप्पे येतात, आणि अर्पणेत चित्त प्रतिभाग निमित्तात (ध्यानविषयाच्या मनातल्या स्थिर प्रतिमेत) असे बुडते की आवाजही पोहोचत नाही. कथावत्थू या वादग्रंथात ‘समापत्तीत असलेला शब्द ऐकतो का’ हा प्रश्न घेऊन थेरवादी बाजूने ‘ऐकत नाही’ असाच निर्णय दिलेला आहे. या मताप्रमाणे विपश्यना ध्यानातून उठल्यावरच होणार.

अवांतर: याच विसुद्धिमग्गाचे रोमन लिपीतले चिकित्सक संपादन पूर्ण करणारे आपले धर्मानंद कोसंबी होते. ते १९५०मध्ये, त्यांच्या निधनानंतर, हार्वर्डच्या मालेत छापले गेले.

पालीप्रेमी

माझा कल सुत्तांच्या बाजूने आहे, पण हा वाद सुटेपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण निष्पत्तीत फारसा फरक पडत नाही. अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातात ३६वे सुत्त स्पष्टच म्हणते, की प्रथम ध्यानाच्या आश्रयाने आस्रवांचा क्षय होतो, आणि आकिंचन्यायतनापर्यंत प्रत्येक समापत्तीबद्दल तसेच म्हणते. कसा होतो तेही सांगते. त्या ध्यानात रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान असे जे काही आहे, त्याला साधक अनित्य, दुःख, रोग, गळू, शल्य, परके, शून्य, अनात्म असे पाहतो, त्यातून चित्त मागे घेतो आणि अमृतधातूकडे (निर्वाणाकडे) वळवतो. तर्ककर्कश यांच्या ‘खटाटोप कशाला’चे उत्तर यात आहे. रोजच्या विखुरलेल्या चित्ताला अनात्म म्हणणे सोपे आहे, कारण त्याच्यावर कुणाचे फारसे प्रेम नसते. माणूस खरा चिकटतो तो आयुष्यातल्या सर्वांत स्वच्छ, सर्वांत सुखद चित्ताला. सांजसकाळ यांच्या त्या शांतीला. ते चित्त आधी अनुभवाला यावे लागते आणि मग त्यालाच ‘हे माझे नाही’ असे पाहावे लागते.

सांजसकाळ

हे उत्तर मला मान्य आहे. शांती नाकारायला सांगितले असते तर पटले नसते. तिलाही तपासायला सांगितले आहे, ते करून पाहता येईल.

एक सावधगिरी नोंदवते. ‘मी’ हरवण्याचा प्रत्येक प्रकार ध्यानाचा नसतो. माझ्या ओळखीतल्या एका व्यक्तीला सलग साधनेनंतर स्वतःचे हात परके वाटू लागले, माणसे काचेपलीकडची वाटू लागली, आणि ही स्थिती बैठकीबाहेर कामाच्या वेळीही टिकून राहिली. त्यात सुख नव्हते, भीती आणि बधिरपणा होता. काही काळ त्या व्यक्तीने हेच अनात्मदर्शन समजून साधना वाढवली, आणि त्रासही वाढला.

अरण्यवाट

ही नोंद फार महत्त्वाची आहे. सुत्तांतला क्रम प्रमोद (आनंद), प्रीती, प्रश्रब्धी (देह-मनाची शांतता), सुख आणि मग समाधी असा आहे. ज्या ‘हरवण्या’त यांतले काहीच नाही, उलट बधिरता आणि धास्ती आहे, त्याला ध्यानाची प्रगती मानू नये. अशा वेळी बैठका थांबवाव्यात, शिकवणाऱ्यांना स्पष्ट सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

नवखा_साधक

सर्वांचे आभार. शेवटची शंका. एवढे वाचल्यावर असे वाटते, की ध्यानसुखाची गोडी लागणे हाच धोका आहे. मग मी खोल बैठकीची इच्छाच सोडून नुसती सजगता ठेवावी का? आणि काही अनुभव आलाच, तर तो येथे लिहावा का?

पालीप्रेमी

लिहिण्याबद्दल आधी. भिक्षूंसाठी हा विषय विनयात बांधलेला आहे. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ असताना वग्गुमुदा नदीकाठच्या भिक्षूंनी गृहस्थांपुढे एकमेकांच्या लोकोत्तर प्राप्तींची वाखाणणी करून भिक्षा मिळवली, आणि त्यावरून चौथा पाराजिक नियम झाला. अशी प्राप्ती नसताना ती असल्याचे जाणूनबुजून सांगणारा भिक्षू राहत नाही. प्रामाणिक गैरसमजाने सांगितले तर पाराजिक होत नाही, आणि खरी प्राप्तीही अदीक्षितांपुढे सांगितली तर पाचित्तिय (कबुली देऊन सुटणारा) दोष लागतो. आपण गृहस्थ आहोत, हे नियम आपल्याला लागू नाहीत. पण ‘मला अमुक ध्यान लागले’ असे लिहिण्याऐवजी आपण वर लिहिलेत तसे छातीची हालचाल, डोळ्यांमागचा ताण, श्वासाचे जाड होणे एवढेच लिहिलेत, तर वाचणाऱ्यालाही त्याचा अधिक उपयोग होईल.

आता धोक्याबद्दल. महासच्चकसुत्तात बोधिसत्त्वाला दुष्कर तपश्चर्येच्या अखेरीस बालपणी जांभळीच्या सावलीत लागलेले प्रथम ध्यान आठवते, आणि ते स्वतःलाच विचारतात, ‘कामांपासून आणि अकुशलांपासून वेगळ्या असलेल्या या सुखाला मी का भितो आहे?’ लटुकिकोपमसुत्तात तर त्यांनी उघड सांगितले आहे, की या सुखाचे सेवन करावे, ते वाढवावे, त्याला भिऊ नये. गोडी लागते हे खरे, आणि रूपराग व अरूपराग (रूप आणि अरूप ध्यानस्थितींची आसक्ती) या नावांनी ती दहा बंधनांत नोंदवलेलीही आहे. पण ही दोन वरच्या पाच बंधनांतली आहेत, अनागामीलाही (खालची पाच तुटलेल्यालाही) ती तोडायची उरलेली असतात. आपल्या-माझ्यापुढे त्याआधीची पाच आहेत, आणि त्यांतल्या कामच्छंद (विषयवासना) व व्यापाद (द्वेष) या दोघांना सैल करायला हेच ध्यानसुख कामी येते. तेव्हा बैठक चालू ठेवावी आणि उठल्यावर लगेच फोन हातात न घेता थोडा वेळ तिथेच बसून राहावे. नुकते जे होते त्यातले काय ओसरले, काय अजून टिकून आहे आणि कशाला ‘माझे’ म्हणावेसे वाटते आहे, ते तेव्हाच सर्वांत स्पष्ट दिसते.